सुधारणा

"मेन बंद केलाय. आता ओढा," भावजी म्हणाले.

वहिनी स्टुलावर उभ्या राहून फ्यूजचं चिनीमातीचं बूच दोन बोटांनी धरून होत्या. ओढायचा धीर होत नव्हता. खाली भावजींनी स्टुलाचा पाय धरला होता आणि ते नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघत होते.

"आणि शॉक बसला म्हणजे?"

"बसणार नाही. मेन बंद आहे."

वहिनींनी ओढलं. बूच अलगद हातात आलं.

"तार जळून काळी पडली असेल तर फ्यूज उडाला. जुनी काढायची, नवी घालायची. दोन्ही टोकांना स्क्रू. फार आवळायचा नाही."

वहिनींनी तार घातली, स्क्रू फिरवले, बूच जागेवर बसवलं. ड्रायक्लीनच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या कोटांना रफू करणारे हात ते. तारेचं त्यांना काय एवढं! भावजींनी मेन चालू केला. दिवा लागला.

"जमलं," ते म्हणाले. "उद्या पाण्याच्या टाकीचा बॉल."

"अहो भावजी, पण मी कशाला शिकू हे सगळं? तुम्ही आहात ना घरात?"

भावजींनी स्टूल उचललं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं. उत्तर आलं नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, हा तर भावजींचा जन्माचा स्वभाव. रस्त्यात कुणी सहज 'कसे आहात?' म्हटलं, तरी ते थांबून गुडघ्यापासून पोटापर्यंत सगळं सांगत. त्या माणसाने आज एका सरळ प्रश्नाचं उत्तर गिळलं. वहिनींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

गेले काही दिवस घर एकेक करून दुरुस्त होत होतं. स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून करकरत होती, ती गप्प झाली. नळ गळायचा थांबला. खिडकीची कडी लागायला लागली, कपाटाचा खण अडकेनासा झाला. घर इतकं शांत झालं की वहिनी आपल्याच पावलांना दचकू लागल्या.

समोरच्या काकूंना मात्र भारी कौतुक. "दीर असावा तर असा! आमच्याकडे साधा बल्ब बदलायला सांगितला, तर पुढची निवडणूक येते."

वहिनी हसल्या. पण त्या हसण्यात काही जीव नव्हता.

भावजी लिफ्टचे मेकॅनिक. लहानपणापासून बोलणं बेताचं, चार माणसांत बसणं नाही, गोंगाट झाला की कानांवर हात. 'स्वमग्न' हा शब्द त्यांच्या वाट्याला आला चाळिशी उलटल्यावर. तोवर घुम्या, विक्षिप्त, अर्धवट या नावांवरच सगळ्यांनी काम भागवलं होतं. पण इमारतीच्या माथ्यावर लिफ्टची जी मशीनखोली असते, तिथे ते सुखी असत. तिथे एकटी मोटर बोलते, आणि तीही रोज तेच बोलते. बाकीच्या जगाशी बोलायचं काम मोठ्या भावाकडे होतं. दुकानदार, डॉक्टर, बँक, पाहुणे, सगळं भावामार्फत. मग तो भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, छातीत कळ येऊन बसल्या जागी गेले. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच वर्षी कंपनीने भावजींना बढती दिली. बढती म्हणजे काय, तर मशीनखोलीतून उचललं आणि तक्रारींच्या फोनवर बसवलं. दिवसभर कानात लिफ्टमध्ये अडकलेल्या, चिडलेल्या, ओरडणाऱ्या माणसांचे आवाज. एक दिवस ते कंपनीच्या संडासात भिंतीवर डोकं आपटताना सापडले. साहेब भला माणूस होता. "बरे होऊन या," म्हणाला आणि घरी पाठवलं.

वस्तीत तेव्हा मानसिक आरोग्य केंद्र नवंच उघडलं होतं. आता मोठ्या इस्पितळाचे खेटे नकोत, उपचार तुमच्या दाराशी, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. दाराशी आले होते खरे. आत यायचे राहिले होते.

"स्वमग्न म्हणता? मग मुलांचा विभाग," खिडकीतली मुलगी म्हणाली. तिथे भिंतीवर ससे आणि बसायला बुटक्या खुर्च्या. पंचेचाळिशीचे भावजी गुडघे हनुवटीला लावून मुकाट बसून राहिले. आतल्या बाई म्हणाल्या, आम्ही अठरा वर्षांपुढच्यांना घेत नाही. मोठ्यांच्या विभागात म्हणाले, स्वमग्नता हा काही आमचा विषय नाही, उदासी असेल तर बघू. असे धड ना इकडचे ना तिकडचे होऊन शेवटी भावजींना गोळ्या मिळाल्या, आणि दर आठवड्याला गोल करून बसायचा एक वर्ग. तिथे मन मोकळं करायचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. शेजारी कुणीतरी हुंदके देतंय, डोक्यावर ट्यूबलाइट गुणगुणतेय, आणि वर्ग घेणाऱ्या ताई विचारताहेत, "तुम्हाला आत्ता या क्षणी काय वाटतंय?"

"या दिव्याचा चोक गेलाय," भावजी म्हणाले.

ताईंनी लिहून घेतलं: विषय टाळतात.

पुढचे दिवस फार वाईट गेले. भावजी जेवेनात, झोपेनात, अंघोळीला जाईनात. वहिनींनी हात टेकले होते. आणि मग एकाएकी, ताप उतरावा तसं, सगळं निवळलं. भावजी वेळेवर उठू लागले. दाढी करू लागले. हातात पाना आला.

"सुधारणा आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढची तारीख लांबची दिली.

टाकीच्या बॉलचं शिकवणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी भावजींचा जुना जोडीदार दुकानात आला. दोघांनी मिळून कितीतरी वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. तो कपडे टाकायला आला नव्हता. काउंटरला वळसा घालून थेट मागच्या खोलीत आला आणि उभाच राहिला.

"वहिनी, एक विचारू? ते कामावर परत येणार नाहीत का?"

"का हो? साहेब घेणार आहेत परत."

"नाही, त्यांनी मला त्यांची पान्यांची पेटी आणून दिली. मी म्हटलं, अहो, राहू द्या. तर म्हणाले, गंजून जाईल." तो डोकं खाजवत म्हणाला. "त्या पेटीला मी नुसता हात लावला तरी चार दिवस बोलायचे नाहीत माझ्याशी."

वहिनींच्या हातातली सुई तशीच राहिली.

संध्याकाळी जेवताना भावजींनी मान वर केली आणि वहिनींच्या डोळ्यांत सरळ बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत बघणं म्हणजे तापल्या लोखंडावर हात ठेवणं, असं त्यांनी भावाला एकदा सांगितलं होतं, आणि तेव्हापासून या घरात कुणी त्यांच्याकडून ती अपेक्षा केली नव्हती.

"वहिनी, तुम्ही माझं खूप केलंत," ते म्हणाले.

दुसरं कुणी असतं तर भरून पावलं असतं. वहिनींनी हातातला घास ताटात ठेवला.

"आज डोळ्यांत का बघताय भावजी?"

"केंद्रात शिकवलंय. माणसांना त्याने बरं वाटतं. तुम्हाला बरं वाटावं."

आणि त्यांनी पुन्हा मान खाली घालून उरलेला भात कालवायला घेतला.

सकाळी वहिनी केंद्राच्या खिडकीशी उभ्या होत्या.

"तारीख दिलीय ना तुम्हाला?" मुलगी म्हणाली. "त्याच्या आधी काही झालं तर या की."

"काही झालं तर म्हणजे? काय होऊ देऊ आणि मग येऊ?"

मुलगी गोरीमोरी झाली. तेवढ्यात डॉक्टर बोळातून जाताना दिसले. तरुण पोरगा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. थांबला मात्र.

"काकू, मी दर वेळी विचारतो त्यांना. मरणाचे विचार येतात का, असं स्पष्ट विचारतो. आधी 'हो' म्हणायचे. आता 'नाही' म्हणतात. आणि ते खोटं बोलत नाहीत, हे तुम्हीच मला सांगितलंय."

"नाहीच बोलत."

"मग? ही सुधारणा नाही का?"

वहिनी मागे वळल्या. घरी जाताना त्या सगळी वाट तेच घोळवत होत्या. खोटं बोलत नाहीत. बरोबर आहे. खोटं बोलता आलं असतं तर या माणसाचं आयुष्य किती सोपं झालं असतं! मग घोडं अडलंय कुठे?

भावजी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून गॅसची जुनी नळी पुसत बसले होते. शेजारी नवी नळी. वहिनी चपला काढून तशाच दारात उभ्या राहिल्या.

"भावजी, तुमच्या मनात मरणाचे विचार येतात का?"

"नाही."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. पण पुरता नाही.

"आधी यायचे?"

"हो. रोज."

"मग आता का येत नाहीत?"

"विचार करून झाला," भावजी म्हणाले. "ठरलं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनींनी चौकट धरली.

"काय ठरलं?"

"तेच."

"कधी?"

"तुम्हाला सगळं यायला लागलं की. भाऊ गेला तेव्हा तुम्हाला काही येत नव्हतं. दिवे गेले होते आणि तुम्ही अंधारात बसून होता. तसं पुन्हा नको." त्यांनी नवी नळी उचलली. "आता हीच राहिलीय. या, दाखवतो."

वहिनींना वाटलं, ओरडावं. या माणसाला दोन्ही खांद्यांना धरून गदगदा हलवावं. पण ओरडलं की भावजी कान झाकतात, आणि धरलं की अंग चोरून खोलीत जाऊन कडी लावतात. आज ती कडी लागायला नको होती. त्या चौकट सोडून पुढे आल्या. तोंडून जे शब्द निघाले ते त्यांनाही नवे होते.

"भावजी, मला तो फ्यूज नाही जमला."

"जमला. दिवा लागला होता."

"लागला हो. पण कसा लागला ते आठवत नाहीये. सगळं विसरले बघा. पुन्हा दाखवा."

भावजी नळीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवली, आणि स्टूल आणायला उठले.

वहिनी घराबाहेर पडल्या त्या समोरच्या काकूंना भावजींपाशी बसवूनच. काकूंना काय सांगायचं, किती सांगायचं? "एकटं सोडायचं नाही. बटाटे सोलायला बोलवा, काहीही करा," एवढंच त्या म्हणाल्या. काकूंनी चेहरा बघितला आणि त्या सोलणं घेऊनच आल्या.

केंद्रात या वेळी वहिनी खिडकीशी थांबल्या नाहीत. बोळाच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी आवाज चढवला. जन्मात पहिल्यांदाच.

"तुम्ही चुकीचं विचारताय त्यांना!"

दोन-तीन दारं उघडली. एका दारातून सिस्टर बाहेर आल्या; जाड भिंगांचा चष्मा, गुडघे दुखत असल्यामुळे चालणं फेंगडं. त्यांनी वहिनींचं सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं.

"ठरलं म्हणाले? हाच शब्द?"

"हाच."

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार लोटलेलं होतं, तरी बोलणं ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणत होते, आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात दाखल करू. सिस्टर म्हणत होत्या, तो वॉर्ड मी पाहिलाय, चोवीस तास दिवे आणि आरडाओरडा, या माणसासाठी ते आगीतून फुफाट्यात जाणं आहे.

"आणि इथे ठेवून काही झालं तर?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी आधी जाऊन येते," सिस्टर शेवटी म्हणाल्या. "गाडी तयार ठेवा. लागली तर नेऊ."

घरी येऊन सिस्टर खुर्चीवर बसल्या नाहीत. दुखरे गुडघे सांभाळत भावजींच्या बाजूला जमिनीवर बसल्या, आणि भावजी ज्या भिंतीकडे बघत होते तिच्याकडेच बघू लागल्या. कसं वाटतंय, काय वाटतंय, असलं काही त्यांनी विचारलंच नाही. कुठे ठरवलंय, कशाने, त्यासाठी जवळ काय आणून ठेवलंय, असे लहान लहान प्रश्न. आणि भावजी एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते. फ्यूजची तार कशी घालायची हे सांगताना जो आवाज होता त्याच आवाजात. स्वयंपाकघरात वहिनींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. काकू त्यांची पाठ चोळत होत्या.

शेवटी सिस्टरांनी हात पुढे केला. भावजींनी खिशातून एक किल्ली काढली आणि दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवली. कुठल्यातरी उंच इमारतीच्या मशीनखोलीची.

"कंपनीची आहे," ते म्हणाले.

"मी पोचवते कंपनीत. पोचली की सांगते."

"बरं."

"हे सगळं आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाहीत," भावजी म्हणाले.

सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "आजपासून मी विचारीन. दर वेळी मीच. दुसरं कुणी नाही. आणि वहिनींचं शिकणं पुरं होईपर्यंत ठरलेलं थांबलंय ना? हे पक्कं?"

भावजींनी विचार केला. "पक्कं."

गाडी लागली नाही. वहिनींना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आता सगळा भार एका गोष्टीवर येऊन ठेपला होता: आपल्याला काही येता कामा नये.

जन्मभर त्या शिकण्यासाठी धडपडल्या होत्या; आता न शिकण्यासाठी धडपडू लागल्या. तार उलटी घालायची. मेन बंद करायचं विसरल्यासारखं करायचं. टाकीचा बॉल वर हवा की खाली, असं पुन्हा पुन्हा विचारायचं. भावजी न कंटाळता शिकवायचे. कधी कधी मध्येच थांबायचे आणि वहिनींच्या बोटांकडे बघत राहायचे. तेव्हा वहिनी मुद्दाम स्क्रू खाली पाडायच्या. दुकानात काम करताना मनात एकच, घरी काय वाढून ठेवलं असेल. वळणावर आलं की आधी खिडकीकडे नजर, मग पाय पुढे.

केंद्रात हळूहळू काही गोष्टी हलल्या. सिस्टरांनी गाद्या ठेवायची खोली रिकामी करून घेतली. तिथे ट्यूब नव्हती, एक खिडकी होती. बाकीचे लोक यायच्या आधीची वेळ भावजींना दिली. बोलावंसं वाटलं नाही तर बोलायचं नाही, अशी सोय केली. डॉक्टर कधी कधी येऊन दाराशी बसत आणि सिस्टर कसं विचारतात ते ऐकत. एकदा ते वहिनींना म्हणाले, "मला 'नाही' ऐकायचं होतं काकू. ते ऐकलं आणि पुढचं विचारलंच नाही." कंपनीला फोनही त्यांनीच केला. बढती रद्द झाली. पुन्हा काम सुरू करायचं ते आधी खालच्या वर्कशॉपमध्ये, अर्धा दिवस, आणि जोडीदाराच्या नजरेसमोर.

पण सिस्टर एक आठवडा तापाने पडल्या, तेव्हा भावजींनी बदली आलेल्या बाईंशी चकार शब्द काढला नाही. घरी येऊन गॅसची नवी नळी काढली, गुंडाळलेलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "हे शिकायचं राहिलंय." त्या आठवड्यात वहिनी दुकानात गेल्याच नाहीत.

सिस्टर परत आल्या त्या दिवशी भावजी केंद्रातल्या खोलीत नेहमीपेक्षा जास्त वेळ होते. वहिनी अंगणातल्या बाकावर बसून होत्या. दार उघडलं, भावजी आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. सिस्टर दारातच थांबल्या.

"वहिनी, तुम्हाला फ्यूज पहिल्याच दिवशी आला होता."

वहिनी बाकावरून अर्धवट उठल्या.

"मला खोटं बोललेलं कळत नाही," भावजी कुंपणाकडे बघत म्हणाले. "पण हात कळतात. तुमचे हात चुकत नव्हते. चुकवत होते."

"कधी कळलं?"

"तिसऱ्या वेळी."

"मग तरी रोज शिकवत होता?"

"तुम्ही रोज विचारत होता."

वहिनींना पुढचं विचारवेना. भावजींनीच विचारलं नसताना सांगितलं.

"मला विचार पुन्हा यायला लागलेत. मरणाचे. सिस्टरांना सांगितलं."

वहिनींनी दाराकडे बघितलं. सिस्टर हसत नव्हत्या, पण त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्या मानेचा अर्थ लागायला वहिनींना थोडा वेळ लागला.

"म्हणजे... ठरलेलं होतं ते?"

"मोडलं. आता नुसते विचार आहेत. सकाळी जास्त येतात."

"त्रास होतो?"

"हो. ठरलं होतं तेव्हा होत नव्हता. आता खूप होतो."

काय बोलावं? बरं झालं म्हणावं की वाईट झालं? वहिनींनी पदर आवरून घेतला. अंगणात कुणीतरी गाडी लावली, दार आपटलं, भावजींनी कान झाकले आणि थोड्या वेळाने हात खाली घेतले.

"उद्या काय आहे?" त्यांनी विचारलं.

"उद्या?" वहिनींनी आवाज सांभाळला. "उद्या दूधवाला येणार नाहीये. दुकानातून आणावं लागेल."

"कोण जाणार?"

"तुम्ही."

"दुकान कधी उघडतं?"

"सहाला."

भावजींनी हिशेब केला. "मग मी पावणेसहाला निघेन," ते म्हणाले.

वहिनींनी मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर हुंदका फुटला असता, आणि भावजींना मोठा आवाज सहन होत नसे.